जिंकलेल्याची खतावणी

मराठी विभागाच्या सरांनी सूचनाफलकावर लेख मागवले, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी आपापले विषय लगेच पकडले. कुणी आईवर लिहिलं, कुणी सहलीवर. पावसावर तर तिघांनी. मी माझा विषय सांगितला तेव्हा सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अमेरिकेतल्या एका बंद पडलेल्या कुस्ती कंपनीवर माहितीपट निघाला आणि तो तुला आवडला नाही, एवढंच ना? मग त्यात लिहायचं काय?" मी म्हटलं, "सर, लिहून बघतो. नाही जमलं तर पावसावर देतो."

वाचकहो, पाऊस वाचला आहे. आता माझं ऐकून घ्या.

कंपनीचं नाव वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग, म्हणजे डब्ल्यूसीडब्ल्यू. ती २००१ च्या मार्च महिन्यात विकली गेली. माझा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला. म्हणजे मी ज्या कंपनीचा भक्त आहे ती माझ्या जन्माआधीच गेलेली. हे वेड मला वारशानं मिळालं, काकांकडून.

काका तेव्हा कॉलेजात होते. घरात नुकताच केबल आलेला. दिवसभर ज्या वाहिनीवर कार्टून चाले, तिच्यावर रात्री नऊनंतर टीएनटी सुरू होई, आणि आठवड्यातून एकदा तीवर डब्ल्यूसीडब्ल्यूच्या कुस्त्या येत. काकांनी रिकाम्या कॅसेटी आणून त्या कुस्त्या उतरवून घेतल्या. वर कागद चिकटवून शाळकरी अक्षरात लिहिलं : 'स्टिंग', 'मिस्टीरिओ, मुखवटा', 'गोल्डबर्ग, पुसू नये'. बुटांच्या खोक्यातल्या त्या कॅसेटी अजून माळ्यावर आहेत. त्या लावायचं यंत्र मात्र केव्हाच बिघडलं.

आमच्या आजोबांना हे सारं मुळीच पसंत नव्हतं. ते आनंदवाडीच्या आखाड्यातली कुस्ती बघत मोठे झालेले. चांगली जोड लागली की दुकान अर्धं मिटून निघत. त्यांचं म्हणणं एकच : "ह्याला कुस्ती म्हणतात होय रे? कोण पडणार ते आधीच ठरलेलं असतंय." त्यावर काकांचं उत्तर घरात प्रसिद्ध आहे. "बाबा, सौभद्रात शेवटी सुभद्रा अर्जुनालाच मिळते हे तुम्हाला ठाऊक नसतंय काय? तरी तुम्ही रात्रभर बसताच की!" आजोबा त्यावर काही बोलले नाहीत म्हणे. पण पुढं अधूनमधून तेही मागच्या खुर्चीत येऊन बसू लागले आणि "हा ढाक बरा मारला" असं पुटपुटू लागले.

मी सात-आठ वर्षांचा असताना वीज गेली की काका गोष्ट सांगत. इतर मुलांना राजाराणीची मिळे, मला डब्ल्यूसीडब्ल्यूची मिळाली. टेड टर्नर नावाच्या टीव्ही-मालकानं १९८८ च्या नोव्हेंबरात नॉर्थ कॅरोलायनातल्या क्रॉकेट घराण्याची कुस्ती कंपनी विकत घेतली आणि तिची डब्ल्यूसीडब्ल्यू झाली. दुसरीकडे व्हिन्स मॅकमहन यांची डब्ल्यूडब्ल्यूएफ ही त्या धंद्यातली सर्वांत मोठी पेढी. ४ सप्टेंबर १९९५ रोजी टर्नरच्या कंपनीनं सोमवारच्या रात्री 'नायट्रो' हा कार्यक्रम सुरू केला, तोही मॅकमहन यांच्या 'रॉ'च्या वारी. पहिला भाग मिनेसोटातल्या एका भल्यामोठ्या बाजारसंकुलाच्या मधोमध झाला. पहिलीच कुस्ती जपानचा लायगर आणि ब्रायन पिलमन यांची. नंतर स्टिंग आणि रिक फ्लेअर.

मग १९९६ चा जुलै. फ्लोरिडातल्या डेटोना बीचला दोन परके मल्ल आमचा तिसरा साथीदार कोण ते आज कळेल असं सांगून रिंगणात उतरले. तो तिसरा माणूस निघाला हल्क होगन. सगळ्या अमेरिकेतल्या पोरांचा लाडका, सरळमार्गी होगन शत्रूला जाऊन मिळाला! प्रेक्षकांनी रिंगणात कचरा फेकला. काका हे सांगताना दर वेळी उठून उभे राहत. त्या उन्हाळ्यापासून १९९८ च्या एप्रिलपर्यंत नायट्रोनं प्रेक्षकसंख्येत रॉला सलग ८३ आठवडे मागं टाकलं. त्र्याऐंशी! मला बे ते तीस पाढे यायच्या आधी हा आकडा पाठ होता.

पण काकांचा जीव होगनपेक्षा हलक्या वजनाच्या मल्लांत अडकलेला. रे मिस्टीरिओ, एडी गरेरो, डीन मलेंको, जपानचा अल्टिमो ड्रॅगन. कार्यक्रमाच्या पहिल्या तासात, मोठी माणसं यायच्या आधी, ही लहान चणीची माणसं लढत. ऑक्टोबर १९९७ मध्ये लास व्हेगासला मिस्टीरिओ आणि गरेरो यांच्यात एकाचा मुखवटा आणि दुसऱ्याचा पट्टा पणाला लागून जी कुस्ती झाली, ती काकांनी कॅसेटची फीत झिजेपर्यंत पाहिली. "मोठे मल्ल तिकिटं खपवायचे," काका म्हणत, "खरं कुस्ती हे खेळायचे."

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २००९ साली 'द राइज अँड फॉल ऑफ डब्ल्यूसीडब्ल्यू' नावाचा माहितीपट निघाला होता. काकांना ते ठाऊक होतं, पण तो कधी हाती लागला नव्हता. गेल्या वर्षी दोन शाळकरी मुलांच्या शिकवणीचे पैसे साठवून मी पुण्यातल्या एका ओळखीच्या मुलाकडून तीन तबकड्यांचा तो जुना संच मिळवला आणि दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, काकांच्या हातावर ठेवला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला. काही बोलले नाहीत, पण काकूंना आत जाऊन दाखवून आले. शेजाऱ्यांकडून तबकडी लागणारा जुना संगणक आणला. फराळाची ताटं घेऊन आम्ही बसलो.

दीड तासाच्या आसपास माहितीपट चालला. पहिला अर्धा तास काका बोलत होते : "हा बघ", "आता बघ", "हा डस्टी ऱ्होड्स". मग बोलणं कमी झालं. शेवटी पडदा काळा झाला तेव्हा ताटातली चकली तशीच होती. "संपला?" काकांनी विचारलं. "एवढंच?"

'एवढंच' या एका शब्दात माझी सगळी निराशा आली. तरी अंतिम वर्षाचा विद्यार्थी असल्यामुळं मुद्दे पाडून लिहायची खोड आहे.

पहिली गोष्ट, घाई. क्रॉकेट घराण्याचा काळ, टर्नरची सुरुवातीची वर्षं, त्र्याऐंशी आठवडे आणि अखेरची पडझड, एवढा सगळा पसारा दीड तासात कोंबलेला. ज्या हलक्या वजनाच्या मल्लांनी पहिला तास तोलून धरला, ते ओझरते येतात आणि जातात. उलट बुडण्याचे किस्से चवीनं. ४ जानेवारी १९९९ ची रात्र आहे : होगननं केविन नॅशच्या छातीला नुसतं बोट लावलं, नॅश आडवा झाला आणि विजेतेपद गेलं. त्याच रात्री नायट्रोच्या समालोचकाला, पलीकडं रॉमध्ये मिक फोली विजेता होणार, असं छद्मीपणानं सांगायला लावलं आणि लाखो प्रेक्षक तेच बघायला तिकडं निघून गेले. २००० साली डेव्हिड आर्केट या सिनेनटाला विजेतेपद दिलं, तेही आहे. हे सगळं खरं आहे. काकांनी स्वतः त्या बोटाच्या प्रसंगी टीव्हीवर चप्पल भिरकावली होती. चुका झाल्या नाहीत असं आम्ही दोघंही म्हणत नाही.

पण हा माहितीपट काढला कुणी? डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीनं. म्हणजे पूर्वीची डब्ल्यूडब्ल्यूएफ, २००२ साली नाव बदललेली. जिनं प्रतिस्पर्धी विकत घेतला, तिनंच त्याचं चरित्र लिहिलं. जुन्या चित्रफितींचा साराच्या सारा साठा तिच्या ताब्यात. दुसऱ्या कुणाला ही गोष्ट चित्रांसह सांगायची तर तिच्याच दारात जावं लागणार.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, झालं, कारण सापडलं. जिंकणारा हरलेल्याबद्दल बरं कसं बोलेल? पण मग एक अडचण उभी राहिली, आणि हा लेख लिहायला बसलो तो तिच्यामुळंच. याच कंपनीनं २००४ साली दुसरा एक माहितीपट काढला होता : 'द राइज अँड फॉल ऑफ ईसीडब्ल्यू'. ईसीडब्ल्यू ही फिलाडेल्फियातली छोटी कंपनी. एका जुन्या बिंगो हॉलमध्ये तिच्या कुस्त्या होत. तीही २००१ मध्येच बुडाली आणि तिची मालमत्ताही शेवटी याच खरेदीदाराकडं आली. पण तो माहितीपट जवळपास तीन तासांचा आहे, आणि तो बघताना डोळ्यांत पाणी येतं. तिचा चालक पॉल हेमन मनमोकळं बोलतो, मल्ल थकलेल्या पगाराबद्दल बोलतात, तरीही सगळे त्या दिवसांवर जीव टाकतात. बनवणारा तोच, मालक तोच, शीर्षकाची ठेवणसुद्धा तीच. मग एकात माया आणि दुसऱ्यात घाई का?

माझं उत्तर असं : ईसीडब्ल्यूनं मॅकमहन यांना कधी हरवलं नव्हतं. ती गरीब होती, वेडी होती, मोठ्यांच्या वाटेत आली नाही. अशा मेलेल्याचं कौतुक करायला जिंकलेल्याला काही मोजावं लागत नाही. डब्ल्यूसीडब्ल्यूनं मात्र त्याला त्र्याऐंशी आठवडे चीत केलं होतं. ते मनापासून दाखवायचं तर आपण त्र्याऐंशी आठवडे मागं का पडलो हेही सांगावं लागतं. म्हणून त्या विजयाचं वर्णन 'टर्नरचा पैसा' या दोन शब्दांकडं सरकतं, आणि पराभवाचं वर्णन हरलेल्याच्या मूर्खपणाकडं.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला थोडं बोलू द्या. २००० साली डब्ल्यूसीडब्ल्यूचा तोटा सुमारे सहा कोटी डॉलर सांगितला जातो. हा आकडा ऐकला की माणूस म्हणतो, मग बुडणारच! पण डब्ल्यूसीडब्ल्यू ही स्वतंत्र पेढी नव्हती. टर्नरच्या कंपनीचा ती एक विभाग. कार्यक्रम बनवणारा हा विभाग आणि दाखवणारी वाहिनी, दोन्ही एकाच घरचे. कुस्तीमुळं वाहिनीला जे प्रेक्षक आणि जाहिराती मिळाल्या, त्यातलं कुस्तीच्या खात्यावर किती जमा झालं? एका सदऱ्याच्या दोन खिशांतला हा हिशेब आहे. डाव्या खिशात भोक दिसलं म्हणून सदरा फाटला असं होत नाही. गाय इव्हान्स या लेखकानं २०१८ साली या कंपनीवर 'नायट्रो' नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं. जुन्या कर्मचाऱ्यांना गाठून त्यानं हाच प्रश्न विचारला आहे.

आणि अखेरचा घाव कुस्तीच्या आखाड्यात पडलाच नाही. टर्नरची कंपनी १९९६ मध्ये टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. पुढं जानेवारी २००१ मध्ये एओएलशी विलीनीकरण पुरं झालं. तोवर टर्नरच्या हातात कारभार उरला नव्हता. एरिक बिशॉफ, नायट्रो उभा करणारा माणूस, काही गुंतवणूकदार घेऊन कंपनी विकत घ्यायला तयार झाला होता. पण मार्चमध्ये वाहिन्यांचे नवे प्रमुख जेमी केलनर यांनी ठरवलं की आपल्या वाहिन्यांवर कुस्ती नको. वाहिनीवरची वेळच गेल्यावर तो सौदा कोसळला. ज्या दुकानाचा गाळाच काढून घेतला, त्याची पाटी कोण विकत घेणार? ती मॅकमहन यांनी घेतली, कारण त्यांचा गाळा त्यांच्याकडं होता. नाव, काही मल्लांचे करार आणि चित्रफिती मिळून पन्नास लाख डॉलरांच्या आत. आमच्या पुस्तकात गुडविलचं मूल्य काढायच्या तीन रीती आहेत. यांतल्या कुठल्या रीतीनं त्र्याऐंशी आठवड्यांची किंमत निघते, ते मला अजून कळलेलं नाही.

माहितीपटात हा भाग येतो, पण पुढच्या प्रसंगाकडं जाण्यापुरता. मला वाटत होतं, कॅमेरा इथं थांबेल. कार्यालय बंद होताना हिशेबनीस, शिवणकाम करणाऱ्या बाया, रिंगण उभं करणारी पोरं, त्यांना कुणी काय सांगितलं ते कुणी विचारील. त्यातलं काही माझ्या वाट्याला आलं नाही.

त्या रात्री फराळ झाल्यावर काका गच्चीवर गेले. मीही मागून गेलो. मला वाटलं होतं ते स्टिंगबद्दल बोलतील. ते फौंड्रीबद्दल बोलले.

काका पूर्वी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत स्टोअर सांभाळत. पंपांचे आणि गाड्यांचे सुटे भाग तिथं ओतले जात. मालक भावांची वाटणी झाली, कारखाना एका मोठ्या कंपनीनं घेतला, आणि काकांसकट चाळीसेक जणांना घरी बसावं लागलं. काका तेव्हा पस्तिशीत. तेव्हापासून ते शहापुरात एका कापड दुकानाचे हिशेब लिहितात. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं की, त्या खरेदीदार कंपनीनं पुढं एकदा आपली स्मरणिका काढली आणि तिची एक प्रत काकांच्या हाती आली. तिच्यात त्यांच्या फौंड्रीबद्दल अडीच ओळी होत्या : जुनाट यंत्रं, शिस्तीचा अभाव, बुडीत निघालेला कारखाना आम्ही वाचवला.

"बुडीत म्हणे," काका म्हणाले. "शेवटच्या वर्षी तीन पाळ्या चालत होत्या. माल ठेवायला स्टोअरात जागा नव्हती. मी लिहिलो की रजिस्टर, मला ठाऊक नाही होय?"

मी विचारलं, "मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगणार? रजिस्टर त्यांच्याकडं गेलं."

मी गप्प बसलो. एखादा माहितीपट फार वाईट नसतानाही एवढा का लागावा, ते मला तेव्हा कळलं. चित्रफिती ज्याच्याकडं, त्याचा इतिहास. रजिस्टर ज्याच्याकडं, त्याचा हिशेब. आणि मी मोठ्या हौसेनं शिकवणीचे पैसे घालून काकांना पाडव्याला ती स्मरणिकाच पुन्हा आणून दिली होती.

ही हकीकत मी आमच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या मित्राला सांगितली. तो म्हणाला, "गेद्दव सोत, सोतव सत्त." कोर्टकचेरीबद्दलची ही कन्नड म्हण आहे : जिंकला तो हरला, हरला तो मेला. मी म्हटलं, दुसरा अर्धा भाग पटला, पहिला कसा? तर हा पठ्ठ्या म्हणतो, "प्रतिस्पर्धी गेल्यावर तुझ्या त्या जिंकलेल्या कंपनीचं काय झालं ते बघ." मी पाहिलं. २००१ नंतर रॉचा प्रेक्षकवर्ग वाढला नाही, घटत गेला. नायट्रो बघणारे लाखो लोक पलीकडं गेले नाहीत, टीव्ही बंद करून झोपले. काकाही त्यांतलेच. जोड नसली की निकाली कुस्तीही रंगत नाही, हे आजोबांना आनंदवाडीत बसून ठाऊक होतं.

२०२४ साली या विषयावर 'हू किल्ड डब्ल्यूसीडब्ल्यू?' नावाची चार भागांची मालिका निघाली. तिच्या शीर्षकात निदान प्रश्नचिन्ह तरी आहे. ती काकांना दाखवायची की नाही, याचा अजून निर्णय घेतलेला नाही.

माहितीपटाची तबकडी आम्ही पुन्हा लावली नाही. पण त्या संचात आणखी दोन तबकड्या आहेत. त्यांवर नुसत्या कुस्त्या आहेत, जुन्या समालोचनासकट. तुळशीच्या लग्नाच्या रात्री काकांनी स्वतःहून त्या काढल्या. माहितीपटातला प्रत्येक माणूस शेवट ठाऊक असल्यासारखा बोलतो. हे समालोचक तसे नाहीत. त्यांना २६ मार्च २००१ ठाऊक नाही. फ्लोरिडाच्या समुद्रकाठी स्टिंग आणि फ्लेअर, पहिल्या नायट्रोत लढलेले तेच दोघे, शेवटची कुस्ती खेळून एकमेकांच्या गळ्यात पडणार, हे ठाऊक नाही. ते घसा ताणून ओरडतात, पुढच्या आठवड्यात काय होणार म्हणून.

काका खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. मी जवळ वही घेऊन बसलो होतो. एका कुस्तीनंतर ते म्हणाले, "काय लिहितोस?"

मी म्हटलं, "फौंड्रीत पाळीला किती माणसं होती?"

काकांनी आवाज कमी केला आणि सांगायला सुरुवात केली.

— बी. कॉम., अंतिम वर्ष